धोक्याच्या घंटेचे विद्युत्-मंडल : पनवेलमधील घरांच्या संदर्भात एक विवेचन

घरफोडीची सूचना देणारी विद्युत्-घंटा हे वरकरणी अगदी साधे साधन आहे. दार उघडले की घंटा वाजावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. परंतु इतर घरगुती उपकरणांहून ती एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहे. दिवा किंवा पंखा बिघडला तर ते त्याच दिवशी लक्षात येते. उलट, चोर न आल्यामुळे मूक असलेली घंटा आणि बिघाडामुळे मूक झालेली घंटा यांत गृहस्थाला कोणताच भेद दिसत नाही. हा भेद यंत्रणेने स्वतःच ओळखावा यासाठी तिच्या तारांची जोडणी कशी असावी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

अशा घंटेचे पहिले प्रसिद्ध एकस्व अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप यांना २१ जून १८५३ रोजी मिळाले. १८५७ साली एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेऊन तिचा व्यवसाय उभारला. पोप यांच्या रचनेत दारे-खिडक्या समांतर मंडलात जोडलेल्या असत. दार उघडले की मंडल पूर्ण होऊन विद्युच्चुंबकाने घंटेवर टोले पडत. या ‘खुल्या मंडला’त एक मूलभूत उणीव आहे. तार तुटली किंवा कोणी कापली तर मंडल पुन्हा कधीच पूर्ण होत नाही, आणि घंटा निमूटपणे निकामी होते. यावर उपाय म्हणून ‘बंद मंडल’ वापरले जाते. त्यात प्रवाह सतत वाहत असतो आणि तो खंडित होणे हीच धोक्याची खूण मानली जाते. त्यामुळे तार कापली तरी घंटा वाजते. मात्र दाराकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या, तर दार उघडूनही प्रवाह अखंड राहतो. म्हणजे एक उणीव गेली आणि तिच्या जागी दुसरी आली.

या दोन्ही उणिवा एका लहानशा रोधाने दूर होतात. मध्यवर्ती पेटीत १२ व्होल्टचा दाब २,२०० ओहमच्या रोधातून तारेच्या जोडीला दिला, आणि त्या जोडीच्या दूरच्या टोकाशी, दारावरील संपर्काच्याही पलीकडे, तेवढ्याच मूल्याचा दुसरा रोध बसविला, असे समजा. दार बंद असताना दाब दोन्ही रोधांत समान विभागला जातो व पेटीला ६ व्होल्ट दिसतात. दार उघडले किंवा तार तुटली तर १२ व्होल्ट दिसतात. दोन्ही तारा एकत्र जोडल्या गेल्या तर शून्य. ६ व्होल्टच्या आसपासचा मर्यादित पट्टा तेवढा स्वस्थतेचा आणि त्याबाहेरील प्रत्येक मूल्य धोक्याचे, असा नियम पेटीला घालून दिला की तारेला झालेली इजाही ती कळवू लागते.

येथेच जोडणीतील सर्वांत घातक चूक संभवते. दाराजवळच्या अरुंद जागेत रोध बसविण्याचे कष्ट टाळण्यासाठी तो पेटीतच जोडला जातो. दार उघडून पाहिल्यास घंटा वाजते, हिरवा दिवाही लागतो. काम चोख झाले असे वाटते. प्रत्यक्षात पेटीबाहेरील संपूर्ण तार संरक्षणाविना राहिलेली असते, कारण बाहेर तारा जोडून टाकल्या तरी रोध मंडलात असल्याने पेटीला ६ व्होल्टच दिसतात. म्हणून जोडणी तपासताना केवळ दार उघडून पाहणे पुरेसे नाही. यंत्रणा चालू ठेवून दाराजवळ दोन्ही तारा क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात. घंटा वाजली नाही, तर रोध चुकीच्या जागी आहे हे सिद्ध होते.

पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी या रचनेची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. तारा नुसत्या पिळून वर फीत गुंडाळलेली असेल, तर दमट खारी हवा सांध्यात शिरते आणि दोन तारांमध्ये प्रवाह झिरपू लागतो. ही गळती १०,००० ओहमइतकी असेल तर दाब सुमारे ५.४ व्होल्टपर्यंत उतरतो; ती ४,००० ओहमपर्यंत आली तर ४.७ व्होल्टपर्यंत. स्वस्थतेची खालची मर्यादा ५ व्होल्ट असल्यास घंटा विनाकारण वाजेल. सांधे डाखलेले व कोरड्या डबीत बंद केलेले असावेत, याचे कारण हेच. जुन्या पनवेलमधील लाकडी दारे पावसात फुगतात व नीट मिटत नाहीत. त्यामुळे फळीवरील चुंबक चौकटीवरील नळीसंपर्कापासून दूर राहतो. नवीन पनवेलच्या इमारतींतील लोखंडी सुरक्षादारांची अडचण वेगळी आहे. तेथे लोखंड चुंबकीय रेषा स्वतःकडे ओढते आणि संपर्काचा पल्ला घटतो. अशा दारांवर चुंबक अधातूच्या पट्टीवर बसवावा लागतो. या गोष्टी क्षुल्लक मानता येत नाहीत. चार वेळा उगाच वाजलेल्या घंटेकडे पाचव्या वेळी शेजारी लक्ष देत नाहीत.

भोंग्याच्या तारेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अर्धा मि.मी. व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०९ ओहम असतो. पेटीपासून ३० मीटर अंतरावरील दारासाठी जाऊन-येऊन ६० मीटर तार लागते व तिचा रोध सुमारे ५.३ ओहम होतो. २,२०० ओहमपुढे तो नगण्य आहे. परंतु त्याच तारेवर १ अँपिअर घेणारा भोंगा जोडला तर ५ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो आणि भोंगा क्षीण आवाज काढतो. दीड चौरस मि.मी. छेदाच्या तारेत ही घट सुमारे ०.७ व्होल्टच राहते. वादळी पावसात वीज गेल्यास ७ अँपिअर-तासांचा घट उपयोगी पडतो. पेटी व संवेदकांना मिळून ०.१ अँपिअर लागत असेल तर एका अहोरात्रीत २.४ अँपिअर-तास खर्च होतात. मात्र घट जुना झाला की त्याची धारणा घटते. म्हणून मुख्य वीज बंद करून भोंगा वाजवून पाहणे हा वार्षिक तपासणीचा भाग असावा.

एवढे करूनही घंटा राखते ते तिच्या तारा जेथवर पोचल्या आहेत तेवढेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये पनवेलजवळच्या जुईनगर येथे बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोर शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून लॉकरच्या खोलीत शिरले. दारावरील संपर्काला जमिनीखालची वाट दिसत नाही. तेव्हा जोडणीपूर्वी प्रवेशाचे सर्व मार्ग मोजावेत, जोडणीनंतर प्रत्येक तार तोडून व टेकवून पाहावी, आणि पहिल्या पावसानंतर तीच तपासणी पुन्हा करावी. या कसोट्यांना उतरलेल्या घंटेच्या मौनावरच गृहस्थाने विसंबावे.