चीज आणि अंडी विकून चालणारी शाळा

तरुण मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची एक ठरलेली कहाणी असते. कुणी दानशूर पुढे येतो, वसतिगृह उभे राहते, कोनशिलेवर नाव कोरले जाते. चार-पाच वर्षांत देणगी आटते आणि मुले आपापल्या गावी परततात.

दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशातली सान फ्रान्सिस्को शेतकी शाळाही याच वाटेवर होती. ख्रिस्ती धर्मबंधूंना तिचा खर्च झेपेना. या शतकाच्या सुरुवातीला ती ‘फुंदासिओन पाराग्वाया’ या, गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या संस्थेकडे आली. संस्थापक मार्टिन बर्ट यांनी ठरवले, पाच वर्षांत शाळेने आपला खर्च आपणच भागवायचा.

शाळेजवळ होते काय? जमीन, गुरे आणि शेतकऱ्यांची पंधरा-अठरा वर्षांची मुलेमुली! ही मुले एक आठवडा वर्गात बसतात, तर दुसरा आठवडा गोठ्यात आणि मळ्यात घालवतात. दूध तसेच न विकता त्याचे चीज करतात. अंडी, भाजी विकतात. आवारात एक छोटे हॉटेल आहे. तिथे पाहुण्यांची सरबराईही मुलेच करतात.

हे वाचून कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना कुणालाही आठवेल. पण इथे विद्यार्थ्याच्या शिक्षणापुरती कमाई पुरत नाही; शिक्षकांच्या पगारासकट साऱ्या शाळेचा खर्च निघावा लागतो. म्हणून प्रत्येक उद्योगाचा जमाखर्च वेगळा आणि जबाबदारी शिक्षकावर. कोंबडीपालन शिकवणाऱ्यालाच कोंबड्यांत खोट आली, तर मुले त्याचे का ऐकतील? काही गुरुजींना हे नक्कीच झोंबले असेल!

२००७ साली शाळेचा खर्च कमाईतून भागू लागला. तोपर्यंतची तूट अर्थातच बाहेरून भरावी लागली. देणगी मागू नये असे नाही. पण महिन्याच्या धान्याऐवजी दुभती गाय मागितलेली बरी.

एक भीती मात्र राहतेच. शाळेच्या नावाखाली मुले फुकटचे मजूर तर होत नाहीत ना? अशा संस्थेत मुलाला घालताना पालकांनी खुशाल विचारावे, “तो नुसते शेण काढतो, की दुधाचा भाव कसा ठरतो हेही शिकतो?” पॅराग्वेच्या या शाळेत हिशेब आणि बाजारपेठ हे अभ्यासाचेच विषय आहेत. बाहेर पडण्यापूर्वी विद्यार्थी स्वतःच्या धंद्याचा आराखडा तयार करतात. भांडवल कमी पडले, तर कर्ज देणारी संस्था घरचीच आहे.