उतारावरचं गवत आणि रिमोटचं यंत्र

पावसाळा सरला की चाकण एमआयडीसीतल्या भरावांवर गवत माजतं. तिथे खांद्यावर ग्रासकटर देऊन माणूस उभा करणं मला धोक्याचंच वाटतं; पाय घसरला तर फिरतं पातं सोबत येतं.

रिमोटवरचं यंत्र घेताना आधी उतार मोजा. जाहिरातीतला १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश. दोनास एकचा भराव साधारण २७ अंशांचा. खरी मेख इंजिनात आहे. यंत्र कललं की तेल एका बाजूला साचतं, पंप हवा ओढतो, बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जाम होतं. म्हणून ते किती अंशांवर सतत चालतं, हे लेखी घ्या. ओल्या काळ्या मातीत चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं यंत्रही घसरतं. वाफसा येऊ द्या. रिमोटचा संपर्क तुटताच पातं थांबतं का, तेही समोर करून दाखवायला सांगा.