मध्यरात्री जागणारे सोनेगाव

हिंगणघाटहून एस.टी.ने दीक्षाभूमीला जाताना बुटीबोरी मागे पडली की पुढे वर्धा रोडला लागून विमानतळ येतो. २००५ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. मुले खिडकीतून विमाने शोधतात. मोठी माणसे म्हणतात, "आपल्याला काय करायचे विमानाशी?" पण या विमानतळाचा सुरुवातीचा इतिहास आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या पत्रांशी जोडलेला आहे.

सोनेगावची ही धावपट्टी मुळात लढाईसाठी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ साली, ब्रिटिश विमानदलासाठी ती तयार झाली. दुसऱ्या महायुद्धातही लष्करी विमाने येथे थांबत. नंतर विमानतळ भारत सरकारकडे आला.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून चारही विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत.

विशेष म्हणजे त्याच वर्षी देशातील पत्रे व मनीऑर्डरी जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आली. शेटजींचे पत्र आणि गिरणी कामगाराचे पत्र एकाच थैलीत, एकाच दराच्या तिकिटावर! मात्र ते लिहायला अक्षरओळख लागे. ती नसलेल्यांना दुसऱ्याच्या दारी जाऊन पत्र लिहून घ्यावे लागे. १९७० च्या दशकात ही सेवा बंद झाली.

ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले, ते येथेच. दोन महिनेही झाले नव्हते. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव मुंबईला नेणारे विमान त्या रात्री सोनेगावला थांबले. थैल्यांची वाट पाहणाऱ्या धावपट्टीवर त्या रात्री माणसे आपल्या बापाची वाट पाहत उभी होती.

पुढच्या वेळी एस.टी. तेथून जाईल तेव्हा मुलांना हे जरूर सांगा. आणि घरी आल्यावर त्यांच्या हातून आजीला एक पत्र लिहवून घ्या.