ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये सायकल टांगू नका

दसरा उलटला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतले रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. शेजारच्या पाथर्डी-शेवगावातही तेच चित्र. ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि त्याही पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत काय नसते? धान्याची पोती, भांडीकुंडी, कोपीचे बांबू, ताडपत्री, अंथरुणे, कोयते, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे. आणि हे सगळे भरून झाल्यावर शेवटी उरते ती सायकल. तळावरून गावात दळण न्यायचे तर सायकल हवी, पाण्याचा हंडा आणायचा तर सायकल हवी. मुलीला शाळेतून मिळालेली असेल तर ती घरी ठेवून जायला मन होत नाही. आता बऱ्याच घरांत मोटारसायकलही आहे, तीही न्यायची असते.

मग ही सायकल जाते कुठे? ट्रॉलीत जागा नाही म्हणून ट्रॉलीच्या पुढच्या पत्र्याला बाहेरून टांगली जाते, नाहीतर ट्रॅक्टरच्या मागे हायड्रोलिकच्या लिंकवर फळी टाकून तिच्यावर उभी केली जाते. म्हणजे ट्रॅक्टरचे मागचे टायर आणि ट्रॉली यांच्या मधल्या त्या दोन-तीन फुटांत. उभ्या ट्रॅक्टरमागे पाहिले तर ती जागा मोकळी दिसते. पण शेतकरी बंधूंनो, ती जागा मोकळी नाही. ट्रॅक्टर चालू लागला की ती सारखी लहान-मोठी होत असते, हे ध्यानात घ्या.

सरळ रस्त्यावर काहीच होत नाही आणि फसगत तिथेच होते. पन्नास किलोमीटर सायकल जागची हलत नाही, माणूस निर्धास्त होतो. मग एखाद्या गावातले काटकोनातले वळण येते. ट्रॅक्टर वळतो, पण ट्रॉली अजून सरळच असते. ज्या अंगाला वळलो त्या अंगाचा मोठा टायर ट्रॉलीच्या पत्र्याकडे येतो आणि तिथे टांगलेल्या सायकलचे हँडल किंवा पायडल टायरच्या खोबणीत अडकते. फिरता टायर अडकलेली वस्तू सोडत नाही, ओढून घेतो. सायकल मोडली तर पाचशे-हजाराचे काम. पण ती ओढली जाताना तिच्यासोबत दोरी जाते, त्या दोरीने बांधलेले दुसरे सामानही जाते. डम्पिंगची ट्रॉली असेल तर तेलाचा पाइप याच मधल्या जागेतून जातो, सायकलची ब्रेकची तार त्यात गुंतली की तोही तुटतो.

दुसरी जागा म्हणजे ओढा आणि चारी. ट्रॅक्टर उतारावरून खाली जाऊन समोरचा चढ चढू लागतो तेव्हा ट्रॉली अजून उतारावर असते, तिचे तोंड पुढे झुकलेले असते. दोघांची तोंडे एकमेकांकडे येतात आणि वरच्या बाजूचे अंतर एकदम कमी होते. पत्र्याच्या वरच्या कडेला टांगलेली वस्तू अशा वेळी थेट मडगार्डवर नाहीतर चालकाच्या पाठीवर येते.

तिसरी गोष्ट ब्रेकची. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक ट्रॅक्टरला लागतो आणि मागचे सगळे वजन त्याला ढकलत राहते. उतारावर जोरात ब्रेक मारला की ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी करते आणि हुकापाशी दोन्ही वाहने कात्रीसारखी मिटतात. त्या कात्रीत जे असेल त्याचे काय होईल हे सांगायला नको. (जाता जाता: रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पायडल कडीने एकमेकांना जोडून घ्या. शेतातल्या कामासाठी ते सुटे केलेले असतात आणि तसेच विसरून जातात. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॉली आडवी व्हायला उताराचीही गरज नाही.)

वजनाचे गणित

लोक म्हणतात, सायकलीने असे किती वजन वाढते? खरे आहे. साधी दणकट सायकल वीस-बावीस किलोची. दोन टांगल्या तरी पंचेचाळीसच्या आत. एवढ्याने ट्रॅक्टरचे काही बिघडत नाही, उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. पण मोटारसायकलचा हिशेब वेगळा आहे आणि तो बैलगाडी हाकलेल्या माणसाला लगेच कळेल.

गाडी भरताना मागे जास्त माल पडला तर गाडी उलाळ होते, जू वर उठते. पुढे जास्त पडला तर जू बैलांच्या मानेवर बसते. म्हणून जाणता गाडीवान माल भरत असताना मधूनमधून जू उचलून पाहतो. दोन चाकांची ट्रॉली ही त्याच जातीची. तिच्या पुढच्या भागातल्या मालाचे वजन दांड्यातून ट्रॅक्टरच्या हुकावर येते. चार चाकांच्या ट्रॉलीचे वजन तिच्याच चाकांवर राहते, तिथे हुकाला फक्त ओढायचे काम असते. फरक एवढाच की बैलगाडीत गाडी उलाळ होते, इथे ट्रॅक्टर उलाळ होतो.

समजा ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ६ फूट अंतर आहे. ट्रॉलीच्या दांड्याचे ६०० किलो वजन मागच्या धुरीपासून २ फूट मागे हुकावर आले. ६०० गुणिले २ भागिले ६, म्हणजे पुढच्या चाकांवरचे २०० किलो वजन उचलले गेले. आता लिंकवरच्या फळीवर ११० किलोची मोटारसायकल धुरीच्या ४ फूट मागे ठेवली. ११० गुणिले ४ भागिले ६, म्हणजे आणखी ७३ किलो उचलले गेले. जितके मागे तितके जास्त, हे धान्य पाखडणाऱ्या बाईलाही सुपाच्या टोकावरून ठाऊक असते. त्यात चढ लागला, हिसका बसला, की पुढची चाके रस्त्याला नुसती टेकलेली राहतात. स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. पुढे वजनाचे ठोकळे लावून हे थोडे सावरता येते, पण ठोकळे ट्रॉलीसाठी असतात, मोटारसायकलीच्या सोयीसाठी नव्हेत.

लिंकवर फळी टाकण्यात आणखी एक खोट आहे. ट्रॉली ओढताना खालच्या दोन्ही लिंका एकतर काढून ठेवायच्या किंवा वर उचलून घट्ट बांधायच्या असतात, म्हणजे वळणावर ट्रॉलीचा दांडा त्यांना लागत नाही. त्यावर फळी आणि गाडी ठेवली की त्या दांड्याच्या आड येतात. शिवाय हायड्रोलिकच्या भरवशावर उचललेले वजन तासन्‌तास तिथेच राहील असे नाही. जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट हळूहळू खाली बसते, हे नांगर उचलून रात्रभर उभा केलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची जागा एकच, ती म्हणजे खालचा हूक. वरच्या लिंकच्या कानाला किंवा धुरीच्या वर कुठेही साखळी बांधून ओढू नका. ओढ वरून बसली की पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर मागे उलटायला फार वेळ लागत नाही, चालकाला क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. पिन जाड, सरळ आणि घसा न पडलेली असावी, पिनेच्या खालची बारीक खीळ रोज पाहावी. खीळ म्हणून वाकवलेला खिळा किंवा तार चालवू नका. त्याची किंमत चहाइतकी आहे.

सायकल ठेवायची कुठे?

नका नका म्हणणे सोपे आहे. सायकल तर न्यायचीच आहे. माझे मत असे की टोळीतल्या सगळ्यांच्या सायकली आणि मोटारसायकली गोळा करून एकाच टेम्पोने पाठवाव्यात. भाडे वाटून घेतले तर प्रत्येक कोयत्याच्या वाट्याला मोठी रक्कम येत नाही. हे मुकादमाने मनावर घेतले तर होते, एकट्याने होत नाही.

ते जमत नसेल तर सायकल ट्रॉलीच्या आत गेली पाहिजे. त्यासाठी भरण्याचा क्रम बदलावा लागतो. आपण आधी हाताला येईल ते भरतो आणि सायकल शेवटी आठवते. आधी जड पोती तळाशी, ट्रॉलीच्या चाकांच्या वर. मग एका बाजूच्या पत्र्याला आतून सायकली उभ्या, एकीचे तोंड पुढे तर दुसरीचे मागे, म्हणजे हँडले एकमेकांत अडकत नाहीत. पायडले काढता आली तर उत्तम, पान्याने दोन मिनिटांचे काम आहे. डावे पायडल उलटे फिरते एवढे लक्षात ठेवा, नाहीतर आटे खराब होतील. हँडल, सीटखालचा दांडा आणि मागचे चाक अशा तीन ठिकाणी बांधा. चाक मोकळे ठेवू नका, ते हलत राहते आणि दोरी झिजवते. बांधायला टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या चांगल्या, त्या आवळून बसतात. नायलॉनची दोरी नुसतीच वापरली तर हादऱ्यांनी गाठ सुटते. निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर एकदा थांबून सगळ्या गाठी ओढून पाहा, कारण माल पहिल्या काही मैलांतच बसतो आणि बांधणी सैल होते.

काही जण सायकल ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला बाहेरून बांधतात. ती जागा मधल्या जागेइतकी वाईट नाही, वळणावर तिथे काही चिरडत नाही. पण तिथे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर असतात. गळीत हंगामात कारखाने, परिवहन खाते आणि पोलीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात, आणि आपण त्याच्यावर सायकल, गोणपाट, घोंगडी लटकवतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात काहीच दिसत नाही. उभ्या किंवा हळू चाललेल्या ट्रॉलीला मागून धडकून माणसे जातात, हे हंगामातल्या बातम्यांत आपण वाचतोच. मागे बांधायचीच असेल तर रिफ्लेक्टरच्या वरच्या अंगाला बांधा, चाक बाजूला बाहेर येऊ देऊ नका, आणि निघण्यापूर्वी एकाला बॅटरी घेऊन वीस-पंचवीस पावले मागे उभे करून विचारा की दोन्ही कोपऱ्यांतली लाल खूण दिसते का.

दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेलाही वरचे सगळे लागू आहे, किंबहुना जास्तच. ती जागा चालकाला दिसतसुद्धा नाही.

एवढे सगळे सांगण्याचे खरे कारण सायकल नाही. मधल्या जागेत सायकल बांधली की ती हलते, आणि हलते म्हणून कोणीतरी पोरगे ती धरायला ट्रॉलीच्या दांड्यावर उभे राहते. एक पाय दांड्यावर, एक पाय लिंकवर, एक हात सायकलीला. घरातलेच कोणी सांगते, "धर रे जरा, पुढच्या गावात नीट बांधू." पुढचे गाव येईपर्यंत खड्डा येतो. पाय घसरला तर तो ट्रॉलीच्या चाकापुढेच पडतो आणि चालकाला इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. तसेच शाळकरी मुले ट्रॉलीची मागची साखळी धरून सायकल ओढवून घेतात. त्यांना हटकणे हे चालकाचे काम आहेच, पण रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचेही आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एक सांगणे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये ट्रॅक्टरची व्याख्या दिली आहे. त्याप्रमाणे ट्रॅक्टर हे स्वतःवर ओझे वाहण्यासाठी बनवलेले वाहनच नव्हे. म्हणजे मडगार्डवर माणूस, लिंकवर मोटारसायकल याला कायद्यातही आधार नाही. पण टोळी निघते त्या पहाटे कायदा वाचून दाखवून कोणी सामान उतरवणार नाही. मुकादम उचल वाटतो त्या सुमारास, म्हणजे टोळी निघायच्या आधी, ट्रॅक्टरमालक आणि चालक यांना पंचायतीसमोर बोलवा. एक रिकामी ट्रॉली जोडून मोकळ्या रानात ट्रॅक्टर दोन्ही अंगांना पुरता वळवून दाखवा आणि टायर व पत्रा यांच्यात किती अंतर उरते ते सगळ्यांना बघू द्या. तेव्हा सगळ्यांना लांब उभे करा. उरलेले अंतर ट्रॅक्टर बंद झाल्यावरच मोजायचे.

तळावर पोहोचल्यावरची गोष्ट राहिली. सगळे थकलेले असतात, अंधार पडलेला असतो, आणि सामान सोडायची घाई असते. कोणीही ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये शिरण्याआधी इंजिन बंद, किल्ली चालकाच्या खिशात, हँडब्रेक ओढलेला, आणि ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले असावेत. दोन चाकांच्या ट्रॉलीची पिन काढायची असेल तर आधी दांड्याखाली टेकू द्या, आणि माल उतरवताना मागचा आधी सगळा उतरवू नका की पुढचा आधी सगळा, नाहीतर दांडा एकदम वर नाहीतर खाली जाईल. लहान मुलांना तोवर बाजूला चुलीपाशी बसवा.