देवनहळ्ळीचे पाणी: दिसणारा थर आणि न दिसणारे क्षार

बेंगळुरूच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान, तेथील किल्ला आणि चकोता या नावाने ओळखले जाणारे पपनस यांमुळे पूर्वीपासून परिचित आहे; परंतु २००८ मध्ये शेजारी आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून तालुक्याच्या या लहान शहराभोवती वस्ती झपाट्याने वाढली आणि तिच्याबरोबर पाण्याविषयीच्या तक्रारीही वाढल्या. नळाच्या तोंडाशी साचणारा पांढरा थर, वर्षभरात निकामी होणारी गीझरची कॉइल, फेस न येणारा साबण आणि कितीही शिजवली तरी न गळणारी तूरडाळ, असे या तक्रारींचे स्वरूप असते. त्या खऱ्या आहेत. मात्र पाण्याची गुणवत्ता एवढ्याच खुणांवरून ठरवली, तर जे तपासायला हवे तेच तपासायचे राहून जाते.

या परिसरात बारमाही नदी नाही. दक्षिण पिनाकिनी नदी जवळच्या नंदी डोंगररांगेत उगम पावून याच भागातून पुढे जाते, परंतु वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते, आणि दूरवरून पंपांनी चढवून आणलेले कावेरीचे पाणी मुख्यतः बेंगळुरू शहरासाठी आहे. त्यामुळे देवनहळ्ळीची भिस्त दीर्घकाळ भूजलावर राहिली. येथील खडक नाइस जातीचा, म्हणजे उष्णता आणि दाबामुळे रूपांतर पावलेला, ग्रॅनाइटशी नाते सांगणारा प्राचीन खडक आहे. तो स्वतः पाणी धरत नाही, पाणी असते ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि त्याखालच्या भेगांमध्ये. पूर्वी गावोगावची तळी, ज्यांना कन्नडमध्ये केरे म्हणतात, पावसाळ्यात भरत, त्यांतून झिरपलेले पाणी वरच्या थरात साठे आणि उघड्या विहिरींना ते पुरे. उपसा वाढून हा थर आटला तेव्हा कूपनलिका, म्हणजे बोअरवेल, खोल जाऊ लागल्या आणि आता हजार फुटांपलीकडची खोली येथे नवलाची राहिलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात देवनहळ्ळी तालुका अतिशोषित गटात मोडतो, याचा अर्थ वर्षभरात जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याहून अधिक बाहेर काढले जाते.

खोलीचा आणि पाण्याच्या गुणवत्तेचा संबंध येथे येतो. पावसाचे पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. भेगांमध्ये ते जितका अधिक काळ राहते, तितका क्षारांचा भार वाढतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या या एकत्रित प्रमाणाला पाण्याचे काठिण्य म्हणतात. शालेय पुस्तके अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, तर बोलण्यात ते जड पाणी असते. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पुणेकराला देवनहळ्ळीचा नळ एकदम वेगळा वाटतो, कारण धरणातले पाणी सह्याद्रीवरून वाहून आलेले पावसाचे पाणी असते आणि त्याला खडकात मुरून राहण्यास फारसा अवधी मिळालेला नसतो; याउलट अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यातील माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल, जरी तेथील खारेपणाचे कारण पूर्णा खोऱ्याच्या गाळात असले तरी.

काठिण्य मोजण्याची प्रयोगशाळेतील रीत सोपी आणि पाहण्यासारखी आहे. नमुन्यात विशिष्ट रंगद्रव्य घातले की पाणी मद्यासारखे तांबडे होते. मग ब्युरेटमधून ईडीटीए या रसायनाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले जाते, ते कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना एकेक करून बांधून टाकते, आणि मोकळा असा एकही कण उरला नाही की रंग निळा होतो. किती द्रावण लागले त्यावरून काठिण्य कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात मांडले जाते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचे काठिण्य स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. काठिण्य ४०० असलेले ५०० लिटर पाणी एखाद्या घरात दररोज वापरले जात असेल, तर त्या घराच्या नळांतून रोज २०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार वाहतो. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट फुटून न विरघळणारे कार्बोनेट तयार होते आणि ते कॉइलवर बसते. डाळ न शिजण्याचे कारणही कॅल्शियमच आहे, कारण दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला ते अधिक घट्ट करते.

एवढे असूनही काठिण्य हा आरोग्याचा मोठा शत्रू नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही. खरी काळजी आहे ती फ्लोराइड आणि नायट्रेट यांची, ज्यांना रंग, वास वा चव नसते आणि जी नळावर कोणतीही खूण सोडत नाहीत. ग्रॅनाइट व नाइस यांतील काही खनिजांमधून फ्लोराइड पाण्यात उतरते; त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि कमाल १.५ आहे, तिच्यापलीकडचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फार अधिक असल्यास हाडे व सांधे ताठरतात. येथे रसायनशास्त्राचा एक नियम सामान्य समजुतीच्या नेमका विरुद्ध जातो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडशी संयोग पावून त्याला फार विरघळू देत नाही. कॅल्शियम कमी आणि सोडियम अधिक असलेल्या पाण्यात मात्र फ्लोराइड चढू शकते. म्हणजे ज्या कूपनलिकेचे पाणी साबणाला छान फेस आणते, ती फ्लोराइडच्या दृष्टीने अधिक संशयास्पद असू शकते. नायट्रेटचे मूळ वेगळे, ते शोषखड्ड्यांतील मैल्यातून आणि शेतातील खतांतून जमिनीत झिरपते. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत नाही, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते.

म्हणूनच घरोघरी विश्वासाने वापरले जाणारे टीडीएसचे पेन पुरेसे नाही. ते विद्युतवहनावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, कोणता क्षार किती आहे हे सांगत नाही. ८०० च्या आकड्यात दीड-दोन मिलिग्रॅम फ्लोराइड सहज लपते. गृहसंकुलांत बसवलेली सॉफ्टनर यंत्रे कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतात, म्हणजे ४०० काठिण्याचे पाणी पूर्ण मऊ करताना लिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम वाढते आणि फ्लोराइड व नायट्रेट मात्र जसेच्या तसे राहतात. आरओ यंत्र हे दोन्ही बऱ्याच अंशी अडवते, परंतु घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडते, आणि अतिशोषित तालुक्यात ही किंमत लहान नाही. कर्नाटकात ठिकठिकाणी उभारलेली, नाणे टाकून वीस लिटरचा कॅन भरून देणारी शुद्ध पाण्याची केंद्रे याच तंत्रावर चालतात आणि ज्यांना घरी यंत्र परवडत नाही त्यांचा तोच आधार आहे; यंत्रातील पाणी गाळणारा पडदा वेळेवर बदलला गेला की नाही, हे मात्र कॅन भरणाऱ्याला कळण्याची सोय सहसा नसते.

या सर्वांहून दूरगामी बदल तळ्यांच्या बाजूने घडत आहे. हेब्बाळ-नागवार खोरे प्रकल्पातून बेंगळुरूचे दररोज २१ कोटी लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी उत्तरेकडील ६५ तळ्यांत सोडण्याची योजना आखली गेली आणि देवनहळ्ळीचा परिसर तिच्या लाभक्षेत्रात आहे. देवनहळ्ळी शहरातील सिहिनीरु केरे, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, या पाण्याने भरू लागल्यावर काठची वापरातून गेलेली उघडी विहीर साफ करण्यात आली, उथळ फिल्टर कूपनलिका घेण्यात आल्या, आणि मातीतून गाळून आलेले ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून शहराच्या पुरवठ्यात मिसळण्याचा प्रयोग नगरपालिका आणि बायोम एन्व्हायर्नमेंटल ट्रस्टसारख्या संस्थांनी हाती घेतला. हजार फूट खाली जाण्याऐवजी वरच्या थराकडे परतण्याचा हा मार्ग योग्य दिशेचा आहे. तथापि या सांडपाण्यावर दुय्यम पातळीपर्यंतच प्रक्रिया होते, म्हणजे जिवाणूंकरवी सेंद्रिय घाण कमी केली जाते पण नायट्रोजन व फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहतात, त्यामुळे येथे काठिण्यापेक्षा नायट्रेट, अमोनिया आणि रोगजंतू यांच्या तपासणीला अधिक महत्त्व आहे. ही तपासणी वर्षातून एकदा करून भागणार नाही, कारण उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पुरवठ्यात खोल भेगांतील पाण्याचा वाटा वाढून फ्लोराइड चढण्याचा संभव असतो, तर पहिल्या पावसांनंतर जमिनीवरचे नायट्रेट वरच्या थरात उतरते.