स्वस्त शेअर आणि कोपऱ्यातले कूलर

दिवाळीनंतर भाचा घरी आला. सोयाबीनचे साठ हजार रुपये हातात होते, विहिरीवरच्या मोटारीसाठी राखलेले. म्हणाला, ‘‘मामा, टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या एका कंपनीचा शेअर शंभरावरून चाळीसला आलाय. घेऊ का?’’

मी त्याला हिमायतनगरच्या बाजारपेठेत ओळखीच्या दुकानात नेले. उन्हाळ्यात न खपलेले कूलर कोपऱ्यात उभे होते. आमच्यासमोर एक गिऱ्हाईक आले, टीव्ही निरखला, मोबाईलवर त्याच मॉडेलचा भाव पाहिला आणि निघून गेले. दुकानदार हसला, त्याला सवय झाली आहे. पण वहीत त्या कूलरची किंमत अजून खरेदीचीच होती.

मोठ्या कंपनीचेही असेच असते. हिशेबाचा नियम सांगतो, की खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम, यांत जी कमी ती धरावी. अडचणीतला व्यापारी मात्र ती कमी किंमत मान्य करायला उशीर लावतो. म्हणून अहवालातला नफा नंतर पाहावा, आधी माल किती वेळा फिरला ते काढावे. वर्षात 1200 कोटींच्या खरेदीचा माल खपला आणि साठा 200 कोटींचा असेल, तर माल दोन महिन्यांत हलतो. पुढच्या वर्षी खप 900 आणि साठा 300 झाला, की चार महिने लागतात. तेवढ्यात नवे मॉडेल येते आणि जुन्याचा भाव पडतो. भाडे आणि बँकेचे व्याज काही थांबत नाही.

अमेरिकेत सर्किट सिटीने खर्च वाचवायला 2007 साली 3400 जाणते विक्रेते काढले. नोव्हेंबर 2008 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, 2009 मध्ये दुकाने बंद झाली. भागधारकांचा नंबर धनकोंच्या मागे असतो. त्यांच्या हाती काही उरले नाही. तिचीच स्पर्धक बेस्ट बाय 2012 साली तशीच गाळात होती. नवे प्रमुख ह्यूबर्ट जोली यांनी ऑनलाइन भावाशी बरोबरी केली, दुकानांतूनच घरपोच माल पाठवला, सॅमसंगसारख्यांना दुकानात जागा दिली. तो शेअर मात्र सावरला. म्हणजे पडलेला भाव दोघींचाही होता. त्यावरून काहीच कळत नव्हते.

रात्री आम्ही भाच्याच्या कंपनीचा अहवाल उघडला. साठा वाढलेला, विक्री घटलेली, कर्ज दीडपट. भाचा बराच वेळ आकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘मोटार आधी भरून घेतो. हरभऱ्याला पाणी द्यायचंय.’’