विश्लेषण : ब्लूजच्या गावातला पोरगा ग्रॅमीपर्यंत कसा पोहोचला? कोण आहे ‘किंगफिश’?

२०२५ मध्ये आलेला ‘सिनर्स’ हा हॉलिवूडपट तुम्ही पाहिला असेल, तर क्लार्क्सडेल हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. १९३२ सालातली ती गोष्ट याच गावात घडते. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं हे गाव खरंखुरं आहे. लोकसंख्या जेमतेम १५ हजार.

याच गावात १९९९ साली जन्मलेला एक गिटारवादक आज ब्लूज-रॉकमधलं मोठं नाव आहे. त्याचं नाव क्रिस्टोन इनग्राम. पण जग त्याला ‘किंगफिश’ म्हणून ओळखतं. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने ग्रॅमी पटकावलं. ज्या संगीताला त्याच्या वयाची मुलं ‘आजोबांच्या जमान्यातलं’ म्हणतात, तेच वाजवून.

ब्लूज म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून हे संगीत घडलं. त्याचा साचा तसा सोपा आहे. बहुतेक गाणी बारा मात्राखंडांच्या आवर्तनात बसतात आणि मुख्यतः तीन कॉर्डवर चालतात. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं.

खरी गंमत सुरांमध्ये आहे. वादक बोटाने तार ओढून सूर वर चढवतो. सतारीवरची मींड ऐकलेल्या माणसाला हे पटकन समजेल. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे जो सूर लपलेला असतो, तो गिटारवर असा सापडतो. ब्लूजचं सगळं दुखणं त्या मधल्या जागेत असतं.

पुढे विजेची गिटार आली, अॅम्प्लिफायरचा आवाज वाढला, एकल वादन लांबत गेलं. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या तरुणांनी हे संगीत उचललं आणि त्यातून ब्लूज-रॉक आकाराला आलं. ‘रोलिंग स्टोन्स’ या जगप्रसिद्ध बँडचं नावसुद्धा मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या एका ब्लूज गाण्यावरून घेतलेलं आहे.

मग क्लार्क्सडेलचं एवढं काय?

मडी वॉटर्स याच गावाजवळच्या मळ्यावर वाढले. जॉन ली हूकर या भागातलेच. आत्मा सैतानाला विकून गिटार शिकल्याची दंतकथा ज्यांच्याभोवती आहे, त्या रॉबर्ट जॉन्सन यांचा तो चौरस्ताही इथलाच, असं गावकरी सांगतात. हायवे ६१ आणि हायवे ४९ जिथे मिळायचे, तिथे आज निळ्या गिटारींचा फलक उभा आहे.

पण गाव ओस पडत गेलं. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर पेरणीपासून गठ्ठे बांधण्यापर्यंत कापसाचं पीक यंत्राने काढण्यात आलं. हातांना काम उरलं नाही. लाखो कृष्णवर्णीय लोक आधीपासूनच दक्षिण सोडून उत्तरेकडच्या शहरांत जात होते, तो ओघ आणखी वाढला. मडी वॉटर्स त्याच्या वर्षभर आधीच शिकागोला गेले होते. त्यांच्यासोबत ब्लूजही शहरात गेला. नंतरच्या पिढ्या सोल, फंक आणि हिप-हॉपकडे वळल्या. ब्लूजच्या कार्यक्रमांना पिकल्या केसांचे गोरे श्रोते जास्त दिसू लागले.

मग या पोराला ब्लूजची गोडी कशी लागली?

याचं उत्तर एका संग्रहालयात आहे. क्लार्क्सडेलमधल्या जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत ‘डेल्टा ब्लूज म्युझियम’ आहे. मडी वॉटर्स ज्या झोपडीत राहायचे, तिचे अवशेष तिथे जपले आहेत. पण या संग्रहालयाने वस्तू काचेआड ठेवण्यावर समाधान मानलं नाही. गावातल्या मुलांसाठी त्यांनी संगीताचे वर्ग सुरू केले.

चर्चमधल्या गॉस्पेल संगीतात वाढलेला क्रिस्टोन लहानपणीच या वर्गात दाखल झाला. आधी ड्रम, मग बेस आणि मग गिटार. तिथले शिक्षक बिल पेरी हे स्वतः मुरलेले ब्लूज वादक. ‘किंगफिश’ हे टोपणनाव त्यांनीच दिलं. आपल्याकडे किंगफिश म्हणजे सुरमई. पण या नावाचा उगम माशात नाही. एका जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या पात्राचं ते नाव होतं.

२०१४ मध्ये संग्रहालयाच्या या उपक्रमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि विद्यार्थ्यांच्या बँडसोबत किंगफिश थेट व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला. तेव्हा तो १५ वर्षांचा होता. दरम्यान त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर फिरू लागले होते.

पहिला अल्बम आणि मोठा धक्का

२०१९ च्या मे महिन्यात शिकागोच्या ‘अॅलिगेटर रेकॉर्ड्स’ने त्याचा ‘किंगफिश’ हा पहिला अल्बम काढला. १९७१ पासून ब्लूजच छापत आलेली ही कंपनी. त्यात एका गाण्यात खुद्द बडी गाय यांनी त्याला साथ दिली. मुंबईच्या ब्लूजप्रेमींना बडी गाय नवे नाहीत. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात ते अनेकदा वाजवून गेले आहेत. अल्बमला ग्रॅमी नामांकन मिळालं.

पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची आई, प्रिन्सेस प्राइड इनग्राम, गेली. मुलाच्या संगीतामागे ती सुरुवातीपासून खंबीर उभी होती. तो तेव्हा अवघा २० वर्षांचा होता.

काही महिन्यांत कोरोना आला, दौरे थांबले. त्या काळात लिहिलेली गाणी २०२१ मध्ये ‘६६२’ या अल्बममध्ये आली. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड. म्हणजे अल्बमचं नाव गावाच्या पत्त्यावरूनच ठेवलं. त्यातलं एक गाणं आईसाठी आहे. एप्रिल २०२२ मध्ये याच अल्बमला ‘सर्वोत्कृष्ट समकालीन ब्लूज अल्बम’चं ग्रॅमी मिळालं. ते बघायला आई नव्हती.

आता पुढे काय?

२०२२ मध्ये ‘फेंडर’ कंपनीने त्याच्या नावाची जांभळी टेलिकास्टर गिटार बाजारात आणली. २०२३ मध्ये लंडनमधल्या मैफलीचा लाइव्ह अल्बम आला. २०२५ मध्ये त्याने ‘रेड झीरो रेकॉर्ड्स’ या स्वतःच्या लेबलवर ‘हार्ड रोड’ हा अल्बम काढला.

हा शेवटचा टप्पा वरवर व्यावहारिक वाटेल, पण ब्लूजच्या इतिहासात त्याला वेगळं वजन आहे. जुन्या काळातल्या कितीतरी ब्लूज कलाकारांना रेकॉर्डिंगचे थोडेसे रोख पैसे मिळाले आणि गाण्यांची पुढची कमाई दुसऱ्यांच्या खिशात गेली. त्याच मातीतला मुलगा पंचविशीत स्वतःच्या लेबलचा मालक होतो, ही साधी गोष्ट नाही.

ब्लूज संपला, असं दर दहा-वीस वर्षांनी कुणीतरी जाहीर करतं. किंगफिशची गोष्ट पाहिली, तर तो टिकायला काय लागतं हे कळतं. लहान गावातला एक संगीताचा वर्ग, शिकवणारा एक जाणता माणूस आणि मुलाला त्या वर्गात धाडणारं घर.

त्याला पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर ‘६६२’ पासून सुरुवात करा. आणि आवाज जरा मोठा ठेवा.